भगवंतरावांच्या रेडिओची काच

नातवंडांनो,

तुमच्या लॅपटॉपचा पडदा तडकला आणि तो कंपनीकडे पाठवावा की कोपऱ्यावरच्या दुकानात द्यावा, यावरून तुम्हा भावंडांचं वाजलं, असं कळलं. निकाल मी देणार नाही. पण आमचे भगवंतराव तुम्हाला आता सांगायलाच हवेत.

भगवंतरावांनी खांडेनवमीला रेडिओची पूजा करून त्याच्यासमोर नारळ फोडला. निम्मा नारळ दगडावर फुटला. निम्मा उडून रेडिओच्या काचेवर बसला. जिच्यावर स्टेशनांच्या गावांची नावं असतात, मागे दिवा लागतो, ती काच.

अमरावतीत ते आमचे शेजारी. कापसाच्या जिनात मुकादम. घरात ते आणि सुभद्राकाकू, दोघंच. काकूंचे कान तापात कायमचे गेलेले. गल्ली त्यांच्याशी हातवाऱ्यांनी बोलायची.

रेडिओ दुरुस्त करणारा म्हणाला, "भाऊ, गाऊन तर राहिला ना? साधी काच टाकून देतो."

"कंपनीची चीज कंपनीच पाहीन," भगवंतराव म्हणाले.

हे त्यांचं नेहमीचंच. एकदा छत्रीची काडी मोडली. छत्रीच्या कंपनीचा पत्ता सापडेना, म्हणून सगळा पावसाळा ते छत्री काखेत धरून भिजत जिनात गेले.

कंपनीला इंग्रजीत पत्र मी लिहिलं. "लिवा वयनी, नारळ लय जोरात नोता." उत्तर आलं: अकोल्याच्या एजंटाला दाखवा. "कंपनीसंग इंग्रजीत कोन बोलन?" म्हणून मलाही नेलं. रेडिओ जिनातल्या रुईत गुंडाळून त्यांनी एसटीत खिडकीशी बसवला.

कंडक्टरनं विचारलं, "हे कोन?"

"पेशंट आये. पुरं तिकीट फाड."

अकोल्याचा एजंट शुद्ध मराठीत बोलला. माझं इंग्रजी वाया गेलं. त्यानं रेडिओ लावून पाहिला. "आवाज उत्तम आहे. नावांची काच मुंबईहून मागवावी लागेल, येईल याची खात्री नाही. साधी बसवून न्या. ऐकायला काय फरक पडतो?"

मी भगवंतरावांच्या नेहमीच्या वाक्याची वाट पाहत होते. ते आलं नाही.

"ऐकाले मी हाओ," ते हळू म्हणाले. "घरची माह्या बहिरी आये. सांजच्याले दिवा लागला का ते एका गावावर बोट ठेवते. मी काटा तिथी नेतो, ऐकतो, अन् कोन काय गाऊन राहिलं ते तिले हातानं सांगतो. कोऱ्या काचीवर ते बोट कुठी ठेवन?"

एजंटानं मागणीची वही पुढे ओढली. त्यानं काच मागवली.

काच आली तेव्हा थंडी सरत आली होती. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे रेडिओ सुरू झाला. मग भगवंतरावांचं मोठ्यानं हसणं ऐकू आलं. काकूंनी गाव निवडलं असावं.

दोघंही आता नाहीत. रेडिओ माझ्याकडे आहे. बटण फिरवलं तर आवाज येत नाही. दिवा लागतो, आणि गावांची नावं वाचता येतात.