पडदेवाल्याचा तंबू

तंबू म्हणजे शेवटी काय हो? चारी बाजूंनी पडदा आणि वरून झाकण! आणि पडद्यांच्या बाबतीत आपल्या गावात माझा हात धरणारा कुणी नाही, हे मी अत्यंत नम्रपणे सांगतो. न्हाणीघराच्या पडद्यापासून नाटकगृहाच्या पडद्यापर्यंत सगळं माझ्या मशीनखालून गेलंय. त्यामुळे यंदाच्या कुटुंब मेळाव्यात तंबूच्या स्पर्धेत उतरणार असं मी जाहीर केलं, तेव्हा मला स्वतःबद्दल काडीचीही शंका नव्हती. शंका बायकोला होती. पण तिला ती लग्नापासूनच आहे.

हा मेळावा दरवर्षी पानगळ सुरू झाली की सरकारी वनउद्यानात भरतो. मधोमध तळं, तळ्याकडे उतरत गेलेलं गवताचं मैदान आणि भोवती उंच झाडं. पक्षी ओळखायची फेरी, होड्यांची शर्यत, तंबू उभारायची स्पर्धा, अशी दिवसभर धमाल असते. लोक मुलाबाळांना घेऊन येतात. आम्ही सासऱ्यांना घेऊन जातो.

सासऱ्यांबद्दल सांगायलाच हवं. ते वाहन परवाना कार्यालयात परीक्षक होते. जन्मभर त्यांचं एकच काम. शिकाऊ माणसाच्या शेजारी ताठ बसायचं, चकार शब्द काढायचा नाही आणि उतरताना फक्त ‘पास’ किंवा ‘पुन्हा या’ म्हणायचं. आता निवृत्त झालेत, पण सवय सुटलेली नाही. घरातल्या चहालासुद्धा ते ‘पुन्हा या’ म्हणतात!

थोरल्या जावयांना, म्हणजे माझ्या साडूंना, त्यांनी पहिल्या भेटीतच पास करून टाकलं. घराला रंग कुठला द्यावा, दात कुणाकडे काढावा, चप्पल कुठल्या दुकानातून घ्यावी, सगळं साडूंना विचारतात. मला मात्र त्यांनी आजवर कशाबद्दल म्हणजे कशाबद्दलही मत विचारलेलं नाही. गेल्या वर्षी त्यांना बैठकीच्या खोलीला पडदे घ्यायचे होते. पडदे हो, पडदे! तेही साडूंना विचारून घेतले. साडू विमा विकतात! त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे, कमी जेवलो. पण खरं सांगतो, मला ते फार लागलं.

तेव्हाच मनाशी गाठ बांधली. एकदा, फक्त एकदा, बाबांनी माझ्याकडे बघून ‘जावईबापू, तुमचं मत काय?’ असं विचारलं पाहिजे. आणि त्यासाठी त्यांच्या डोळ्यांदेखत मी काहीतरी जिंकलं पाहिजे.

बाजारातून तंबू आणला आणि दुकानात पसरला. त्याची शिवण बघून माझ्या अंगावर काटा आला. टाके असे, की माझ्या हाताखालच्या माणसानं घातले असते तर त्याला मी घरी पाठवलं असतं. जमिनीवर अंथरायचं कापड वेगळंच! म्हणजे भिंत आणि जमीन यांची आपसात ओळखच नाही! मी ताबडतोब न्हाणीघराच्या पडद्याचं गुळगुळीत कापड काढलं आणि दुहेरी शिवण घालून तळ भिंतींना जोडून टाकला.

“अहो, त्यात सूचनांचा कागद होता, तो वाचलात का?” बायकोनं विचारलं.

“सूचना ज्यांना शिवता येत नाही त्यांच्यासाठी असतात!”

मग दाराची चेन काढून फेकली. चेन काय, कधीही अडकते. तिच्या जागी पडद्याची दोरी बसवली. एक ओढली की दार सर्रकन बंद, दुसरी ओढली की उघडं! दोरी कमी पडायला नको म्हणून नाटकगृहाच्या पडद्याचं उरलेलं अख्खं बंडल जोडलं. सगळ्यात खाली, दुमडीत, पडदा फडफडू नये म्हणून घालतात तशी शिशाची वजनं घातली. तंबूबरोबर आलेल्या लोखंडी खुंट्या बायकोला दिल्या आणि म्हटलं, “कुंड्यांत खोच. वेली चढव.”

मेळाव्याच्या दिवशी साडू भेटले. त्यांच्या अख्ख्या कुटुंबाच्या डोक्यावर एकसारख्या लाल टोप्या होत्या. होड्यांची शर्यत दरवर्षी तेच जिंकतात.

“काय पडदेवाले! यंदा तंबू का? बरं आहे, बसून करायचा खेळ आहे,” असं म्हणून ते वल्हं खांद्यावर टाकून तळ्याकडे गेले. बाबा त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे कौतुकानं बघत राहिले. मी दात-ओठ खाल्ले आणि तंबू उभा केला.

आणि काय उभा राहिला म्हणून सांगू! चुण्या अशा एकसारख्या, की शेजारच्या तंबूतली माणसं आपलं काम टाकून बघायला आली. वनरक्षक बाई गळ्यात शिट्टी आणि हातात भोंगा घेऊन एकेक तंबू तपासत येत होत्या. नियम असा, की तपासणीच्या वेळी कुटुंबातलं एक माणूस आत बसलेलं हवं. बायको वाकून आत शिरणार, एवढ्यात मागून आवाज आला.

“थांब. परीक्षक आत बसतो.”

बाबा! स्वतःहून! त्यांनी आपली घडीची खुर्ची आत नेली, मांडली आणि गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले. मी ऐटीत दोरी ओढली. दार सर्रकन मिटलं.

“बघितलंत, बाबा? आता आतली दोरी ओढा, आपोआप उघडेल!”

आतून आवाज आला, “कुठली दोरी?”

मंडळी, आमच्या धंद्यात कापड नेहमी उलट्या बाजूनं शिवायचं आणि मग सुलटं करायचं. इतक्या वर्षांची सवय हातात बसलेली. तंबूही मी तसाच शिवला आणि तसाच सुलटा केला. त्यामुळे आत असायला हवी होती ती उघडायची दोरीसुद्धा बाहेर आली होती! आत बसून एकदा ओढून बघावी, हा विचार माझ्या डोक्यात शिरलाच नव्हता. पडद्याच्या आत कधी कुणी राहतं का?

“मी उघडतो, बाबा!” असं म्हणून दुसरी दोरी धरली आणि थबकलो. बाई अगदी शेजारच्या तंबूपाशी पोचल्या होत्या. आता दार उघडलं तर चुण्या मोडणार!

“बाबा, जरा बसाल का?”

“बसलोच आहे,” आतून उत्तर आलं.

बाई आल्या. तंबूभोवती फेरी मारली. खाली वाकल्या आणि म्हणाल्या, “खुंट्या कुठे आहेत?”

मी हसलो. अडाणी गिऱ्हाइकाकडे बघून हसतो, तसा. “बाई, पडदा वरून लटकतो. त्याला खाली कधी कुणी खिळे मारतं का?”

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात वारा आला.

पानगळीचा वारा तो! एका झपाट्यात तंबू फुगला, जरासा उचलला गेला आणि निघाला! मैदानभर वाळक्या पानांचा थर, तंबूचा तळ न्हाणीघराच्या गुळगुळीत कापडाचा आणि जमीन तळ्याकडे उतरती. मी स्वतः बसून ठरवलं असतं तरी इतका चोख बेत जमला नसता!

“अहो, बाबा चालले!” बायको किंचाळली.

आणि तंबूतून, आजवर कुठल्याही शिकाऊ माणसानं ऐकला नसेल असा आवाज आला. “हँडब्रेक! जावईबापू, हँडब्रेक!”

मी दोरी धरून त्याच्यामागे पळालो. तंबू पुढे, मी मागे, माझ्यामागे बायको, तिच्यामागे बाई शिट्टी वाजवत. वाटेतली माणसं टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं, हाही एक खेळच आहे! तंबू काठावरून घसरला आणि सरळ तळ्यात!

आता बुडणार म्हणून मी डोळे मिटले. उघडले तर काय? तरंगतोय! अहो, डौलात तरंगतोय! दुमडीतल्या शिशानं तोल धरलेला आणि दुहेरी शिवणीतून एक थेंब आत जात नव्हता. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काळजी आली नाही. अभिमान आला! मी काठावरच्या एका अनोळखी गृहस्थाला म्हणालोसुद्धा, “माझी शिवण आहे!”

“आत कोण आहे?” त्यानं विचारलं.

“सासरे,” मी म्हणालो, आणि मग मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाबांना पोहता येत नाही!

मी दोरी ओढायला हात उचलला.

“ओढू नका!” बायको ओरडली. “ती दार उघडायची दोरी आहे!”

खरंच की! आणि बंद करायची दोरी केव्हाच पाण्यात गेली होती. हातातली ओढली तर भर तळ्यात दार उघडणार, सोडली तर बाबा वाऱ्यावर! मी दोरी ढिली धरून तंबूबरोबर पाण्यात चालत निघालो. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. शेवटी बायकोनं मागून कॉलर धरून मला बाहेर ओढलं. “मला एका दिवसात दोघांना गमावायचं नाही,” ती म्हणाली आणि रडायला लागली. दोरी हातातून निसटली.

त्याच वेळी तळ्यात होड्यांची शर्यत रंगात आली होती. सगळ्यात पुढे साडूंच्या लाल टोप्या. तंबू वाऱ्यावर झपझप त्यांच्यामागून येत होता. मी हवेसाठी कापून ठेवलेल्या छोट्या खिडकीतून एक हात बाहेर आला. बाबांना आतून फक्त हलणारं पाणी दिसत असणार. असा माणूस घाबरला की काय करतो? जन्मभर जे केलं तेच करतो! तो हात सावकाश, शांतपणे वर-खाली, वर-खाली झाला. म्हणजे, ‘मागच्यांनी वेग कमी करा.’

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गावातल्या निम्म्या लोकांना परवाना त्या हातानं दिलाय आणि उरलेल्या निम्म्यांना त्याच हातानं नाकारलाय. तो हात दिसताच झाडून सगळ्या होड्या थांबल्या! वल्ही हवेतच राहिली. एक बाई तर आरसा शोधायला लागल्या! साडूसुद्धा पाठ ताठ करून, समोर बघत, श्वास रोखून बसले. आणि त्यांच्या शेजारून तंबू अदबीनं पुढे निघून गेला.

“तंबूवाले, आपली रांग सोडू नका!” काठाकाठानं पलीकडे धावत वनरक्षक बाई भोंग्यातून ओरडल्या. बाईंच्या लेखी, शर्यत चालू असताना जो पाण्यात उतरला तो स्पर्धक.

शर्यत जिथे संपते तिथे, पलीकडच्या काठाशी बांधलेल्या दोरीला तंबू टेकला आणि शिट्टी वाजली.

मी तळ्याला वळसा घालून धावत पोचलो, तोवर साडू बाईंशी हुज्जत घालत होते.

“अहो, ती होडी नाही!”

“तरंगते ना?”

“तरंगते, पण...”

“आत माणूस आहे ना? इंजिन नाही ना? मग होडीच. पहिला नंबर.” मग बाई माझ्याकडे वळल्या. “तंबूच्या स्पर्धेत मात्र तुम्ही बाद. तंबू जागेवर नाही.”

मला ना नंबरचं काही होतं, ना बाद झाल्याचं. मी चिखलातली दोरी शोधली आणि ओढली. दार सर्रकन उघडलं, अगदी नाटकाचा पडदा उघडावा तसं! आत बाबा. खुर्चीत, ताठ, गुडघ्यांवर हात. कोरडे ठणठणीत! बायको धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली. तिला त्यांनी थोपटलं, बाजूला केलं आणि वाकून तळाच्या शिवणीवरून नख फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी श्वास रोखून उभा. शेजारी साडूही श्वास रोखून उभे. ‘पास’ म्हणणार, की ‘पुन्हा या’?

दोन्ही म्हणाले नाहीत. बाहेर आले, खुर्ची घडी केली, माझ्यासमोर उभे राहिले आणि माझ्या ओल्या खांद्यावर हात ठेवला.

“जावईबापू,” ते म्हणाले, “एका बाबतीत तुमचं मत हवं होतं.”

माझे डोळे भरून आले हो! सगळ्यांसमोर! साडूंच्या देखत! “विचारा, बाबा,” मी कसाबसा म्हणालो.

“मी घरी जाताना थोरल्यांच्या गाडीतून जावं, का सरळ बस पकडावी? तुमच्या गाडीत मी बसणार नाही.”

मी डोळे पुसले आणि नीट विचार केला. मत विचारलं होतं, घाई करून चालणार नव्हतं.

“बस,” मी म्हणालो. “साडू वाटेत बोलत राहतील. आज ते हरलेत.”

बाबांनी मान डोलावली, खुर्ची काखोटीला मारली आणि थांब्याकडे चालू लागले. मंडळी, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला सल्ला विचारला आणि तो जसाच्या तसा मानला! बायकोही त्यांच्याबरोबर बसनेच गेली. पण तिला मी काही सल्ला दिला नव्हता.