डाव्या वाऱ्याचं दुखणं

"रुपराव, तुमची डोलकाठी वाकडी आहे!" कृष्णकांत नावेतून उतरायच्या आधीच गरजले.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या कृष्णकांतांना अंबाझरी तलावावर शिडाची नाव चालवायला शिकून जेमतेम महिना झाला होता. पण दुसऱ्याच्या चुका काढायला त्यांना महिना कशाला लागतो! काठाकडे येताना वारा उजवीकडून असायचा, तेव्हा नाव झपाझप यायची. खोल पाण्याकडे जाताना वारा डावीकडून, आणि तेव्हा मात्र ती कलंडत, रखडत जायची. मग दोष कोणाचा? क्लबच्या नावा सांभाळणाऱ्या, डोलकाठी उभी करणाऱ्या रुपरावांचा!

"काठी ताणून धरणाऱ्या दोन्हीकडच्या तारा सारख्याच हायेत, साहेब."

"मग एकाच बाजूला काहून लंगडते?"

रुपरावांनी नावेतल्या मधल्या फळीकडे एकदा पाहिलं. त्यांनी तारा सोडल्या, मोजल्या, पुन्हा आवळल्या. नाव तशीच. सुकाणू बदललं, शीड बदललं, तरी तेच. शेवटी कृष्णकांतांनी खात्यातल्या सवयीने तीन पानी तक्रार ठोकली. रुपरावांना ठेवायचं की काढायचं, यावर रविवारी क्लबच्या समितीची बैठक लागली.

पुरावा हवा म्हणून शनिवारी कृष्णकांतांनी सुनेला काठावरून व्हिडिओ काढायला लावला. घरी आल्यावर अदिती चाचरत म्हणाली, "बाबा, रागावू नका हं. येताना तुम्ही मस्त बाहेर झुकता. पण जाताना असे मधोमध अंग चोरून काहून बसता? फळी गच्च धरून?"

कृष्णकांतांनी व्हिडिओ चारदा पाहिला. वारा येतो त्या बाजूला झुकलं नाही तर नाव कलंडते, हे तक्रारीच्या दुसऱ्या पानावर त्यांनीच लिहिलं होतं. त्यांची कानशिलं तापली.

रविवारी त्यांनी बैठकीआधीच रुपरावांना गाठलं. "तुमच्या लक्षात आलं होतं ना?"

"पयल्याच दिवशी, साहेब."

"मग बोलले काहून नाही?"

"तुमाले पाण्याचं भेव वाटते, हे चार लोकाईत कसं सांगू? जाऊ द्या. चूक माझीच म्हणून तक्रारीवर सही करून देली म्या."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं कृष्णकांतांना झालं. बैठकीत ते उभे राहिले. "डोलकाठी सरळ आहे. मीच भितो. मला पोहता येत नाही."

आता सगळे फिदीफिदी हसणार म्हणून ते मान खाली घालून थांबले. कोणीच हसेना. अध्यक्षांनी खाकरून विचारलं, "बरं... इथे पोहता कोणाकोणाले येते?"

समितीचे आठही जण टेबलाकडे पाहत राहिले. अध्यक्षांनी उगाच कागद सारखे केले. दाराशी उभ्या असलेल्या रुपरावांनी, विचारलंच आहे म्हणून, संकोचत हात वर केला.