रुसायची खोली असलेलं यान

हिराक्का दर पंधरा दिवसांनी घर हलवते.

घर म्हणजे उंब्रजमधली दहा बाय दहाची भाड्याची खोली. त्यातून बिऱ्हाड हलवायचं कुठं? तर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. शेगडी दारापाशी येते, अंथरूण खिडकीखाली जातं, भांड्यांचं गाठोडं अंगणात जाऊन पुन्हा आत येतं, पण दुसऱ्या भिंतीला. सगळं झालं की कमरेवर हात ठेवून म्हणते, "जागा शिळी झाली हुती गं. आता बरं वाटतंय."

घरमालकाला वाटतं, म्हातारीचा स्क्रू ढिला आहे. मी त्याला तोंडावर सांगितलं, "तुम्ही एकाच खुर्चीत बसून शिळे झालात, त्यापेक्षा हे बरं." मी अशीच बोलते. चराऊ रानांच्या चळवळीची पत्रकं लिहून लिहून माझी गोड बोलायची सवय मोडली आहे.

हिराक्का माण तालुक्यातली मेंढपाळ. साठीपर्यंत वर्षातले आठ महिने ती चालत होती. त्यांचा वाडा दगडमातीचा नव्हे. चार-पाच कुटुंबं, मेंढरं, घोडी, कुत्री आणि बांबूच्या पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या मिळून चालणारी ती वस्ती. दोन-तीन दिवस एका रानात, की पुढं. मग तिचा गुडघा गेला. पोरांनी तिला इथं खोली घेऊन ठेवलं आणि वाडा पुढं गेला.

आमची ओळख एका अर्जावर झाली. 'कायमचा पत्ता' या रकान्यावर ती खळखळून हसली. "कायमचा? मग मसनवाट लिव की!" मला मात्र संताप आला. ज्या बाईनं निम्मा महाराष्ट्र पायाखाली घातला, तिला कागदावर उभं राहायला दोन इंच जागा नाही! असो. हे पत्रक नव्हे.

आमच्या चळवळीच्या खोलीत रविवारी दुपारी आम्ही पाचजण एक खेळ खेळतो. कागद, पेन्सिल, फासे आणि तोंड, एवढंच सामान. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं. खेळ चालवणारा संकटं आणतो, त्यातून कसं सुटणार ते आपण सांगायचं आणि फासे टाकायचे. आमचा खेळ चालवतो सन्मती, सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याचा पोरगा, कराडला इंजिनिअरिंग शिकणारा. त्याच्या अंतराळात राक्षस आहेत, मंत्रांवर चालणारी इंजिनं आहेत आणि बोलणारे धूमकेतू आहेत. हिराक्का हे सगळं उंबऱ्यावर बसून ऐकायची. पूर्ण आत ती कधी यायचीच नाही.

एका रविवारी सन्मतीनं आमच्या यानाचा नकाशा पसरला. सहा तोफा, दोन इंजिनं, चाळीस माणसं आणि बारा वर्षांचा प्रवास. हिराक्का वाकून बघत राहिली.

"ह्यात ऱ्हायाचं कुणी?"

"चाळीसजण, आक्का."

"आन् सैपाक?"

"गोळ्या खातात. एक गोळी, दिवसभर भूक नाही."

"बारा वरीस गोळ्या? मग तोफा कशाला रं? आपसातच मारत्याल की एकमेकांस्नी!"

आम्ही हसलो. ती हसली नाही. पुढच्या रविवारी माझ्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूंवर तिनं आख्खं यान काढून आणलं होतं. माप घोंगडीचं. एका माणसाला एक घोंगडी, बाळंतिणीला दोन. चूल मधोमध, पण वाऱ्याकडं पाठ करून.

"आक्का, अंतराळात वारा नसतो."

"मग धूर कुठं जातुया?"

आठवडाभर सन्मती यानातली हवा कशी खेळती ठेवायची, हेच वाचत बसला होता. इंजिनिअरिंगच्या तीन वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी मुद्दाम सांगते आहे.

कोंबड्यांवरून वाद झाला. ती म्हणाली, "तितं दिस उगवत न्हाई म्हनतूस, मग मानसाला उठवनार कोन?" कोंबड्या आल्या.

मग तिनं बॉम्बच टाकला. "रुसायची खोली कुठं हाय?"

"काय?"

"रानात भांडान झालं की मानूस उठतंय, लांब मेंढरांत जाऊन बसतंय. राग उतरला की येतंय भाकरी खायाला. हितं कुठं जाईल? भाईर पाऊल टाकलं की मेलं! काढ एक तोफ."

"आक्का, तोफ नको ना काढायला."

"लय तोफा हायत. काढ म्हनते न्हवं?"

तोफ निघाली.

एकच गोष्ट तिनं समजावून न सांगता काढली होती. दाराजवळ एक घोंगडीभर कोरी जागा. सन्मतीनं तिथं हत्यारांची पेटी ठेवली, तर हिराक्कानं ती खोडरबरानं कागद फाटेस्तोवर खोडली.

"ती मागं ऱ्हायलेल्याची हाय. एखादी मेंढी वाटंतच व्यायली की तिच्यापाशी कुनीतरी थांबतंय. वाडा थांबत न्हाई. पन म्होरं उतरल्यावर त्याची जागा सोडायची. कवा बी येऊ दे, आपली जागा हाय म्हनून कळाय पायजे."

मी विचारू नये ते विचारलं. "तुझी सोडत असतील का गं, आक्का?"

तिची पेन्सिल थांबली. "मी काय मागनं पोचनार हाय व्हय? माझी कशाला सोडत्याल?" त्याच संध्याकाळी तिनं घर हलवलं. आधीचं हलवून चारच दिवस झाले होते.

पुढं सांगलीत एका हॉलमध्ये असे खेळ खेळणाऱ्यांचा मेळावा होता. आठ गट, आठ यानं आणि सगळ्यांना एकच बारा वर्षांचा प्रवास. आमची कोंबड्यांची पाटी बघून लोक फिदीफिदी हसले. तिसऱ्या वर्षी परीक्षकानं संकट आणलं, राक्षसांचं नव्हे, भांडणाचं. तोफांनी भरलेली यानं आतल्या आतच पेटली. आमचा सेनापती तणतणत रुसायच्या खोलीत गेला, चार डाव तिथंच बसला, कोंबड्यांना दाणे टाकले आणि जेवायला परत आला. बाराव्या वर्षी आमचं एकट्याचं यान पोचलं. चाळीसच्या चाळीस माणसं जिवंत, वर दोन बाळं.

"हे डिझाइन कुणाचं?" परीक्षकानं विचारलं. सन्मतीनं हिराक्काचं नाव सांगितलं. "त्या कुठं शिकल्या?"

मी उठून म्हणाले, "चालत चालत." आयुष्यात इतक्या घोषणा दिल्या, पण ते दोन शब्द बोलताना ऊर जितका भरून आला, तितका कधी आला नव्हता.

दिवाळीनंतर हिराक्काचा वाडा उंब्रजबाहेर सोयाबीन काढलेल्या रानात उतरला. मी तिला स्कूटीवर बसवलं. वाटभर तिचं चालू होतं, "नुसतं बघून यायाचं. मी उतरनार बी न्हाई."

पोरं मेंढरांमागं गेली होती. थोरली सून चुलीपाशी होती. गाठोडी ओळीनं मांडलेली, आणि सुनेचं बिऱ्हाड नि कोंबड्यांची पाटी यांच्यामध्ये एक घोंगडीभर जागा मोकळी. खडे वेचलेले, झाडून काढलेली.

"इथं काही मांडायचं राहिलंय का?" मी सुनेला विचारलं.

मी वेडी असल्यासारखं तिनं माझ्याकडं बघितलं. "आत्तीची जागा हाय ती. दर मुक्कामाला सोडतूया."

हिराक्का स्कूटीवरून उतरली. कुणाकडंच न बघता म्हणाली, "चूल वाऱ्याच्या तोंडाला मांडलीया. एवढं शिकवून बी..." आणि त्या जागेवर जाऊन तिनं दुखरा पाय लांब केला. दोन रात्री तिथंच राहिली. वाडा पुढं गेला तेव्हा मी तिला परत आणलं.

परवा घरमालक माझ्याकडं आला. चेहरा काळजीचा.

"म्हातारी बरी आहे ना? महिना होत आला, सामान हललं नाही."

"बरी आहे," मी म्हणाले.