ट्रेगेन्झा दांपत्याची हनिमून-कर्जावरील मोहीम

इसवी सन एकोणीसशे पंचाण्णव, महिना जुलै, जो दक्षिण गोलार्धातील बॅलारॅटच्या मुलुखी ऐन हिवाळ्याचा, थंडी ऐसी की गाडीच्या काचेवरील बर्फ खरवडल्याविना सकाळी कोणी कामास निघू न शके, ते समयी सौभाग्यवती वर्नाबाईसाहेब ट्रेगेन्झा यांनी गृहकर्जाच्या रानात खऱ्या सल्ल्याचा शोध केला आणि मोहीम फत्ते केली, ते वर्तमान जैसे घडले तैसे पुढिलांच्या माहितीस्तव लिहिले असे.

कारण ऐसे जाहले. वर्नाबाई आणि त्यांचे यजमान राजश्री क्लेमराव, पेशा नळकामाचा, हे ज्या घरी कैक वर्षे भाड्याने नांदत होते, त्याचे मालक वृद्ध जाहले, आणि लेकीकडे जातो म्हणाले, आणि घर लिलावात काढिले. त्या प्रांताचा दस्तूर सख्त. बोली जिंकल्यावर कर्ज मिळाले नाही ही सबब चालत नाही, म्हणोन कर्जाचा बंदोबस्त आधी करणे प्राप्त. बाईंचे बालपण भाड्याच्या खोल्या बदलण्यात सरलेले, आणि आता पुन्हा बिऱ्हाड उचलणे नाही, हा त्यांचा निश्चय.

मग पहिले खलबत क्लेमरावांचे वडील बंधू राजश्री रेक्सराव यांचे परसात भरले. रेक्सराव चिमटा हाती घेऊन शेगडीवर सॉसेज उलटीत होते, आणि त्या मुलुखी ज्याचे हाती चिमटा त्याचा शब्द प्रमाण. एक सरदार म्हणे, व्याज बांधून घ्यावे, आणि दुसरा म्हणे, मोकळे सोडावे, आणि तिसरा, ज्याने जन्मात घर घेतले नव्हते, तो सर्वांहून मोठ्याने बोले. मग रेक्सरावांनी फर्मान काढिले की हनिमूनचे कर्ज घ्यावे, त्याहून स्वस्त काही नाही, आपणही तेच घेणार.

"पण आम्हाला काय झेपेल, ते विचारलंस का?" वर्नाबाई म्हणाल्या.

"अगं, कशाला एवढं डोकं चालवतेस? होतं सगळं नीट," रेक्सराव म्हणाले, आणि त्यांच्या ताटात आणिक एक सॉसेज टाकिले. बाईंनी सॉसेज खाल्ले आणि सल्ला ताटातच ठेविला.

मग बाईंनी गावात पुसपास आरंभिली. कोणाचे कर्ज स्वस्त, हे न पुसता, कर्जाच्या कोणा दलालाने कोणास कर्जाविना माघारी धाडिले आहे काय, इतकेच पुसत गेल्या. लोक बुचकळ्यात पडले. अखेर ग्रंथालयातील बाई म्हणाल्या की डल्सी हॅगर्टी या दलालबाईने आपणास यंदा घर घेऊ नका म्हणून परत पाठविले होते, तेव्हा फार राग आला, आणि पुढे यजमानांची नोकरी गेली तेव्हा स्वतः केक करून तिला नेऊन दिला. बाईंस खूण पटली.

इकडे क्लेमरावांचा ग्रह ऐसा की हनिमूनचे कर्ज नवपरिणितांसच मिळते. लग्नास चौदा वर्षे लोटलेली. माणूस सरळ, परंतु बायकोचे घर जाईल या धास्तीने जन्मात प्रथमच लबाडी मनी धरिली, आणि लग्नाचा निळा कोट काढिला, आणि श्वास रोखून त्यात शिरले, आणि छातीवर फूल खोविले. बाईंनी पुसले, तो म्हणाले, मोठे काम आहे, नीट कपडे हवेत.

डल्सीबाईंचे कचेरीत बसताच क्लेमरावांनी तोंड उघडिले. "आमचं नुकतंच लग्न झालंय."

वर्नाबाई थक्क. डल्सीबाईंनी ताणलेल्या बटणाकडे पाहिले. "कोट मात्र जपलाय हं."

इतक्यात बटण उडाले आणि टेबलाखाली गेले, आणि क्लेमरावांनी सर्व कबूल केले. डल्सीबाई डोळ्यांस पाणी येईतो हसल्या. "अहो, हनिमून तुमचा नाही, व्याजाचा. पहिलं वर्षभर कमी असतं, लाडात असतं. मग वाढून खरा स्वभाव दाखवतं, आणि कर्ज सोडायचं म्हटलं की दंडाची पोटगी मागतं."

"तुम्हाला पैसे कोण देतं?" वर्नाबाईंनी तोफ डागिली.

"कर्ज देणारे. हनिमूनवाले सगळ्यांत जास्त देतात, म्हणून आधीच सांगून टाकलं. आता तुम्ही सांगा, दोन-तीन वर्षांत घरात काय बदलणार आहे?"

ऐसा सवाल आजवर कोणी केला नव्हता. बाई म्हणाल्या, "मला बिस्किटांच्या कारखान्यातली नोकरी सोडून नर्सिंग शिकायचंय."

"हे कधी ठरवलंस?" क्लेमराव.

"केव्हाच. विचारलं कुणी?"

क्लेमराव खाली वाकून बटण शोधू लागले, ते बराच वेळ शोधीत राहिले. मग ऐसा तह ठरला की व्याज आरंभी थोडे अधिक पडो, परंतु आज हप्त्याहून जादा भरावे आणि शिक्षणाचे काळी, पगार नसता, ते जादाचे पैसे परत काढिता यावे. आणि डल्सीबाईंनी बोलीची हद्द घालून दिली, त्यापुढे हात खिशात.

लिलावाचे दिवशी क्लेमरावांनी जोखीम नको म्हणून आरंभापासूनच हात खिशात घातले आणि बोली बाईंनी लढविली. मेलबर्नचा एक दातांचा डॉक्टर हद्दीपर्यंत झुंजला. बाईंनी अखेरची बोली बोलून ओठ घट्ट मिटले, आणि डॉक्टरच्या पत्नीने त्याच्या कानी काही सांगितले, आणि तो मागे सरला. हातोडा पडला. येणेप्रमाणे घर सर जाहले, हे दप्तरी नमूद असे.

पुढे रेक्सरावांनी हनिमूनचे कर्ज घेतले आणि दुसरे वर्षी वाढल्या व्याजापायी आपली होडी विकिली. डल्सीबाई थंडीस कंटाळून क्वीन्सलंडास गेल्या. वर्नाबाई नर्स जाहल्या आणि अर्धे गाव त्यांनी सुया टोचून बरे केले. क्लेमराव म्हातारपणी त्याच घरी निवर्तले. आदले दिवशी खिडकीतून पाहून म्हणाले, "पन्हळ साफ करायला हवी गं." भाडेकरू ऐसी तक्रार मालकाकडे नेतो. क्लेमरावांनी ती आपल्याच घरी, आपल्याच माणसापाशी केली.