उथळ पाण्यातली रांग

"सगळ्यात उथळ जागा कोणती?" डॉक्टरांनी विचारलं आणि घाईघाईने पुस्ती जोडली, "सासूबाईंसाठी म्हणतोय."

डायव्हिंगच्या दुकानातल्या बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पायात फिन चढवून दुकानभर बदकासारख्या फटफटत होत्या. "माझं काय मेलं! मला कुठंही टाका," त्या म्हणाल्या.

डॉक्टर दातांचे. दिवसभर लोकांच्या तोंडात सुई खुपसून "घाबरू नका, काही होत नाही" म्हणायचं, हा त्यांचा धंदा. मुलीच्या हट्टापायी घरातल्या चौघांनी डायव्हिंगचं प्रमाणपत्र मिळवलं होतं. पण शिकताना प्रशिक्षकाने त्यांचा दंड घट्ट धरलेला असे. आता प्रमाणपत्र मिळालं म्हणजे दंड सुटणार होता.

बाईंनी नकाशावर बोट ठेवलं. "हा पाण्याखालचा कडा बघा. पाणी काचेसारखं."

"खाली काय आहे?"

"खाली तळ दिसतच नाही."

"नको. सासूबाईंना चक्कर येते."

"मग ही बुडालेली बोट?"

"कशानं बुडाली?"

"बाबा, ती मुद्दाम बुडवलीये, माशांना राहायला," मुलगी म्हणाली.

"मुद्दाम!" डॉक्टर नकाशापासून मागे सरले. ज्या समुद्रात माणसं धडधाकट बोटी मुद्दाम बुडवतात, तिथे दाताच्या डॉक्टरची काय कथा?

शेवटी धक्क्याजवळची खाडी ठरली. खाली वाळू, पाण्याला ओढ नाही, आणि डोकं वर काढलं की समोर किनारा. "घाबरलेल्यांसाठी उत्तम," बाई म्हणाल्या.

"घाबरायचा प्रश्नच नाही. हीच!"

सकाळी बोट खाडीत शिरली आणि डॉक्टरांना दिसलं की, सगळ्यात उथळ जागा विचारणारे ते एकटेच नव्हते. बोटीला बोट लागली होती. पंचक्रोशीतले झाडून सगळे भित्रे नवशिके तिथे लोटले होते, आणि त्या सगळ्यांच्या पायांनी तळाची वाळू घुसळून पाणी गढूळ होत होतं.

गाईड म्हणून सोबत आलेल्या दुकानातल्या बाईंनी जोड्या लावल्या. बायको आणि मुलगी, डॉक्टर आणि सासूबाई. सगळे खाली गेले आणि बघता बघता सासूबाई दिसेनाशा झाल्या. मग स्वतःचे पायही दिसेनात. कानात फक्त आपल्याच श्वासाची घरघर. कुणाचं तरी कोपर मास्कवर आदळलं. डॉक्टरांचं धाबं दणाणलं. सासूबाई गेल्या! आता बायकोला तोंड कसं दाखवायचं? आणि मुळात दाखवायला तोंड वर पोचणार का?

जीव मुठीत धरून ते चाचपडले. एक हात लागला. तो त्यांनी असा पकडला की जन्मात कुणाचा धरला नसेल. त्या हातानेही त्यांना तसंच पकडलं. सासूबाई सापडल्या! घाई करायची नाही, श्वास रोखायचा नाही, हे शिकवलेलं घोकत ते हळूहळू वर निघाले. हाताला मात्र विलक्षण वजन लागत होतं.

डोकं पाण्याबाहेर आलं. मास्क वर केला. शेजारी मिशीवाले एक आडदांड गृहस्थ धापा टाकत होते.

"तुम्ही वाचवलंत हो!" ते म्हणाले. "तुम्हीच गाईड ना?"

डॉक्टर "अहो, नाही" म्हणणार, तोच गृहस्थांच्या पट्ट्याला धरून एक बाई वर आल्या. बाईंच्या फिनला धरून त्यांचे यजमान आले. यजमानांच्या टाकीला आणखी दोघं लोंबकळत होते.

"अहो!" बोटीवरून बायको ओरडली. गढूळ पाणी पाहून दुकानातल्या बाईंनी सासूबाईंसकट तिघींना केव्हाच वर आणलं होतं, आणि त्या डॉक्टरांना शोधायला पुन्हा खाली उतरत होत्या. "आमचा इथं जीव टांगणीला लागलाय, आणि तुम्ही..." मग तिला मागची रांग दिसली. तिचा आवाज एकदम बदलला. "तुम्ही लोकांना वाचवत होतात?"

डॉक्टरांच्या तोंडात खारट पाणी होतं. ते त्यांनी गिळलं.

"उद्या कुठं नेताय, सर?" मिशीवाल्यांनी विचारलं. हात त्यांनी अजून सोडला नव्हता.

"नेतील की! भीती म्हणजे काय ते माहीतच नाही ह्यांना," बायको म्हणाली.

डॉक्टर शिडी चढून वर आले. ते सासूबाईंशेजारी जाऊन बसले. सासूबाईंनी सगळ्यांची पाठ वळेपर्यंत वाट पाहिली आणि टॉवेलाआडून हळूच त्यांची बाही ओढली.

"जावईबापू, उद्या त्या मिशीवाल्याच्या आधी माझा हात धरा हं," त्या कुजबुजल्या. "आज पूर्ण वेळ मी डोळे मिटूनच होते."