भाऊसाहेबांचा प्रसन्नता निर्देशांक

माणूस म्हातारा झाला की त्याला आनंदाची गरज भासू लागते. दुर्दैवानं ही गरज त्याची त्याला कधीच कळत नाही. ती आधी पुण्यातल्या मुलाला कळते, मग सुनेला, आणि मोबाईलवर मेसेज आला की सगळ्यात शेवटी म्हाताऱ्याला. वेल्हे तालुक्यातल्या पासलीच्या हैबतीआबांना वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, शेळ्यांना पाला तोडता तोडता, अचानक समजलं की आपण आनंदापासून वंचित आहोत. आधीची त्र्याहत्तर वर्षं या माणसानं कशी काढली असतील, या विचारानं अंगावर काटा येतो.

हा शोध त्यांच्या मुलानं, धनाजीनं लावला. धनाजी पुण्यात एका कंपनीत नोकरीला, सातव्या मजल्यावर राहायला. मुलगा गुणी. त्यानं माघ महिन्यात आईवडिलांच्या नावानं एक नवा मोबाईल पाठवला आणि हातासरशी आबांचं नाव 'ज्येष्ठ प्रसन्नता केंद्रा'त घालून टाकलं. पासलीतल्या आणखी तेरा घरांतल्या मुलांनी त्याचं बघून तेच केलं, कारण आपले आईवडील दुसऱ्यांच्या आईवडिलांपेक्षा कमी आनंदी असलेले कुठल्या मुलाला चालतील?

हे केंद्र नेमकं कुठं आहे ते कुणालाच ठाऊक नाही. (पत्रकात पत्त्याच्या जागी 'आपल्या हृदयात' असं छापलेलं आहे.) काम मात्र चोख. रविवार सोडून रोज सकाळी अकरा ते बारा वर्ग. मोहिनीताई नावाच्या बाई अत्यंत प्रसन्न चेहऱ्यानं चारशे ज्येष्ठांना एकदम शिकवतात. पहिल्या सत्रातल्या व्याख्यानांवर नुसती नजर टाकली तरी केंद्राचा अभ्यास दिसतो: 'बाल्कनीत मेथी कशी पिकवावी', 'खुर्चीतले व्यायाम', 'चालण्याचे फायदे (बसून ऐकावे)', 'शेणाशी मैत्री: एक नवा अनुभव', आणि सगळ्यात गाजलेलं 'मोबाईलचा वापर कमी कसा करावा', भाग एक ते सहा.

केंद्राची खरी करामत म्हणजे प्रसन्नता निर्देशांक. मोबाईलचा कॅमेरा ज्येष्ठाच्या तोंडाकडे तासभर बघतो आणि जबड्याचा सैलपणा, तोंडाची संथ हालचाल, डोळ्यांतली शांती अशा शास्त्रीय खुणांवरून आनंद मोजतो, शंभरपैकी. दर शुक्रवारी त्याचा दिवा अपत्याच्या मोबाईलवर लागतो. सत्तरच्या वर हिरवा, खाली लाल. पुढं काय करायचं याचाही नियम आहे. एक आठवडा लाल असेल तर फोन करावा. सलग दुसरा लाल असेल तर समक्ष भेट द्यावी आणि फोटो पाठवावा. सलग तिसरा लाल असेल तर 'ज्येष्ठास विनाविलंब अपत्याच्या निवासस्थानी हलवावे'.

या शेवटच्या कलमानं आबांची झोप उडाली. सातवा मजला त्यांनी एकदा चार दिवस पाहिला होता. लिफ्टमध्ये येईल त्याला ते "राम राम, कुठलं गाव?" म्हणायचे, आणि माणसं भिऊन भलत्याच मजल्यावर उतरायची. त्यात धनाजीनं मार्गासनीला शेळ्यांचं गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं, उगाच ऐनवेळी धावपळ नको म्हणून. म्हणजे तीन लाल दिवे लागले की घर बंद, शेळ्या मार्गासनीला आणि आबा लिफ्टमध्ये.

अडचण एकच होती. पासलीत आनंद होता, रेंज नव्हती. रेंज गावामागच्या टेपाडावर, उंबराच्या झाडाखाली. पहिल्या दिवशी चौदाच्या चौदा ज्येष्ठ टेपाड चढले. (एकूण गुडघे अठ्ठावीस, पैकी चालू स्थितीत सतरा.) त्या दिवशीचा विषय होता 'घरबसल्या आनंद'. रतनबाई अर्ध्या वाटेत खाली बसल्या आणि केंद्राच्या सात पिढ्यांची त्यांनी अत्यंत आपुलकीनं चौकशी केली.

तिसऱ्या दिवशी सोजराबाईंनी, म्हणजे आबांच्या मंडळींनी, तोडगा काढला.

"येकच बाई बगायला समद्यांनी डोंगुर कशाला चढायचा म्हन्ते मी? लावनीला करतो तशी सावड करू. ह्ये तसंबी रोज शेळ्या घिऊन वर जात्यातच. जाता जाता आपले मोबाईल बी न्हेतील."

सावड म्हणजे आज तुमच्या खाचरात आमचं घर राबणार, उद्या आमच्या खाचरात तुमचं. पासलीत भातलावणी पिढ्यान्‌पिढ्या अशीच होते. तेव्हा ठरलं की तेरा घरांचा आनंद हैबतीआबांनी घ्यायचा, आणि त्या बदल्यात तेरा घरांनी आबांचा गोठा, जळण आणि दळण वाटून घ्यायचं. यात कुणाला लबाडी दिसली नाही. रोप लावणारा हात कुणाच्या घरचा, असं भातानं आजवर विचारलं नव्हतं. मग आनंदानं तरी का विचारावं?

दुसऱ्या दिवसापासून आबा पाटीत चौदा मोबाईल घालून निघू लागले. उंबराखाली त्यांनी चौदा धोंडे गोल मांडले, धोंड्याधोंड्याला एकेक मोबाईल टेकवला आणि मधोमध स्वतः बसले. अकरा वाजले की मोहिनीताई चौदा ठिकाणांहून, किंचित मागंपुढं, "नमस्कार आजीआजोबा!" म्हणायच्या, आणि आबा सभ्य माणूस असल्यानं चौदा वेळा नमस्कार करायचे.

अकराची वेळ शेळ्यांची सावलीत बसून रवंथ करायची. त्या आबांना सोडून लांब जात नसत. त्यामुळं झालं असं की आबांच्या मोबाईलपुढं आबांचं तोंड आलं आणि बाकीच्या तेरांपुढं एकेक शेळी. मोहिनीताईंच्या पडद्यावर चारशे तोंडं, प्रत्येक हरभऱ्याच्या डाळीएवढं. त्यांना काय दिसणार? यंत्राला मात्र स्वच्छ दिसत होतं. जबडा सैल, हालचाल संथ, डोळे शांत. पहिल्याच शुक्रवारी पासलीचे तेरा दिवे हिरवेगार लागले. तेरांतल्या गेनूच्या धोंड्यापुढं भाऊसाहेब बसायचे. भाऊसाहेब म्हणजे आबांचा बोकड, वय पाच, रंग काळा, कपाळावर पांढरा ठिपका आणि हनुवटीला भारदस्त दाढी. त्यांना सत्त्याण्णव गुण पडले. केंद्रानं गेनूच्या मुलीला अभिनंदनाचं पत्र धाडलं: 'आपल्या वडिलांच्या मुद्रेवरील तृप्ती व नीटनेटकी दाढी इतर ज्येष्ठांसाठी आदर्श आहे.' गेनू त्या वेळी खाली देवळाच्या ओट्यावर दाढदुखीनं गाल धरून बसला होता.

चौदावा दिवा लाल होता.

त्याचं कारण उघड होतं. चारशे ज्येष्ठांत व्याख्यान ऐकणारे हैबतीआबा एकटेच होते. खुर्चीतले व्यायाम ऐकून त्यांना आपल्याकडं खुर्ची नसल्याची खंत लागली. मेथीचं ऐकून धनाजीच्या बाल्कनीत ऊन येतं का, याचा घोर लागला. 'एकटेपणाची दहा लक्षणे' ऐकली, तर त्यातली नऊ आपल्यात निघाली. (दहावं लक्षण 'मांजराशी बोलणे' हे होतं. त्यांच्याकडं मांजर नव्हतं.) गुण पडले एक्केचाळीस. धनाजीचा नियमाप्रमाणं फोन आला.

"आबा, हसत जावा की जरा."

"हसतो की रं. पर बाई सांगत्यात त्ये ऐकलं की ऱ्हातच न्हाई हसू."

दुसऱ्या आठवड्यात मोहिनीताई म्हणाल्या, "डोळे मिटा. गेल्या सात दिवसांत तुमच्याजवळ निवांत कोण बसलं होतं, तो चेहरा डोळ्यांसमोर आणा." आबांनी डोळे मिटले. सोजराबाई खाली ओट्यावर होत्या. सारं गावच ओट्यावर होतं. अकराला वरचा आनंद आबा घेत असल्यामुळं खालच्यांना गप्पा हाणायला तासभर मोकळा मिळत होता, आणि त्यांचं खिदळणं वाऱ्याबरोबर टेपाडावर येत होतं. चौदा जणांचा एकटेपणा आबा एकट्यानं बघत होते. डोळ्यांपुढं चेहरा आला तो भाऊसाहेबांचा. आबांना फार वाईट वाटलं. तेहतीस.

शनिवारी धनाजी गाडी घेऊन आला. समक्ष भेटीचा फोटोही होईल आणि पुढच्या शनिवारी न्यायचंच झालं तर कोणती ट्रंक कुठं बसेल हेही बघता येईल, असा त्याचा विचार. घरी कुणी नाही म्हणून तो धापा टाकत टेपाडावर गेला आणि बघतच राहिला. तेरा शेळ्या, चौदा मोबाईल आणि मधोमध हात जोडलेला बाप.

"आबा, काय हे?"

"सावड. आनंदाची. बस की. आरं त्या धोंड्याम्होरं नको, त्यो रतनबाईचा हाय!"

धनाजी बसतो न बसतो तोच त्याचा मोबाईल वाजला. ऑफिसची मिटिंग. त्यानं एक धोंडा ओढला, त्याला मोबाईल टेकवला, तोंड दिसेलसं केलं आणि आवाज बंद करून टाकला.

"ऐकत न्हाईस व्हय?" आबांनी विचारलं.

"सगळ्यांनी नाही ऐकायचं, आबा. दिसायचं फक्त. आज सोमनाथ ऐकतोय. पुढच्या शनिवारी माझी पाळी."

"म्हंजे सावडच की ही!" आबा म्हणाले आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा खदखदून हसले.

मग त्यांनी फडक्यातली भाकरी सोडली. धनाजी लहानपणी याच उंबरावरून पडला होता आणि रडायच्या आधी खाली पडलेली उंबरं वेचत बसला होता, ते निघालं. खाचराचा बांध कुठं फुटलाय, सोजराबाईंचा उजवा गुडघा काय म्हणतो, गेनू दाढ का काढत नाही, सगळं निघालं. तास कधी संपला कळलंही नाही. समोर मोहिनीताईंचं 'चालण्याचे फायदे' चाललं होतं, आणि बापलेकांतला एकही त्याकडं बघत नव्हता. आबांच्या मोबाईलवर त्या दिवसाचा आकडा उमटला: शहाण्णव. केंद्रानं ताबडतोब नोंद केली की चालण्यावरील व्याख्यानाचा दुःखी ज्येष्ठांवर चमत्कारिक परिणाम होतो.

धनाजीला हायसं वाटलं. पण तो विचारी. उद्या आपण नसलो की आकडा पुन्हा घसरणार, तिसरा लाल लागणार, आणि मग आबांना न्यावंच लागणार. त्यानं हे आकडे, शेळ्या आणि धोंडे यांचा नीट अभ्यास केला, आबांचा मोबाईल दोन हात डावीकडं सरकवला आणि भाऊसाहेबांचं तोंड त्यात चांगलं मधोमध बसवलं. गेनूच्या वाट्याला शेजारच्या धोंड्यापुढची पाट, म्हणजे तरुण शेळी, निम्मी आली.

"झालं! आता कायम हिरवा. तुम्हाला कुठं जायला नको आणि मला काळजी नको." त्यानं आबांच्या पाया पडून फोटो काढला, शेळ्यांच्या गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं, आणि रिकामी गाडी घेऊन पुण्याला गेला. आबांना आभाळ ठेंगणं झालं. गाव राहिलं, घर राहिलं, शेळ्या राहिल्या.

आणि दिवाही हिरवा राहिला. शिमगा गेला, हिरवा. चैत्रात जत्रा झाली, हिरवा. धनाजी जत्रेला आला नाही. लाल असता तर नियमानं आला असता. त्याचा मेसेज तेवढा आला: 'आबा, यंदा तुमचे अठ्ठ्याण्णव बघून ऊर भरून आला. असेच राहा.' आबांनी तो भाऊसाहेबांना वाचून दाखवला. भाऊसाहेब रवंथ करत होते.

वैशाखातल्या एका सोमवारी आबांनी आपला मोबाईल दोन हात उजवीकडं सरकवला आणि आठवडाभर व्याख्यान मन लावून ऐकलं. चव्वेचाळीस. धनाजीचा फोन आला. पुढच्या आठवड्यात अडतीस. शनिवारी धनाजी आला, पोटभर जेवला, दुपारी आईजवळ लवंडून घोरला, आणि जाताना मोबाईल दोन हात डावीकडं सरकवून गेला.

हे रतनबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. "आबा, आमच्या बंडूला बी येऊन वरीस झालं. आमचं बी जरा लाल करा की!" आधी त्या स्वतः लाल व्हायला म्हणून आबांच्या जोडीनं टेपाडावर गेल्या. पण दोघं उंबराखाली बसले, गप्पा रंगल्या आणि पंच्याण्णव पडले. लाल व्हायचं तर वर्ग एकट्यानंच ऐकावा लागतो. मग पुन्हा सावड घातली. आता दोन आठवडे एका घराचा मोबाईल आबांच्या तोंडापुढं, बाकीचे शेळ्यांपुढं. मूल येऊन गेलं की पुढचं घर. पाळ्या देवळाच्या भिंतीवर खडूनं लिहिलेल्या आहेत. हिशोबानं वर्षाला घरटी साधारण पावणेदोन भेटी बसतात. (पाऊण भेटीत मूल चहा घेतं, जेवायला थांबत नाही.) तिसरा लाल आजवर एकदाही लागू दिलेला नाही.

पासलीचं दुःख दर पंधरा दिवसांनी एका घरातून उठून शेजारच्या घरात का जातं, यावर केंद्रात सध्या संशोधन चालू आहे. मोहिनीताईंना वाऱ्याचा संशय आहे.

आता ही पद्धत पासलीपुरती राहिलेली नाही. भोर-वेल्ह्यातल्या बऱ्याच गावांनी ती उचलली, आणि पुढंही पसरते आहे, असं ऐकतो. तेव्हा वाचकहो, आपणही आपल्या माणसांसाठी असं काही लावून दिलं असेल, तर एकदा मोबाईल काढून बघा. दिवा हिरवा आहे ना? मग घाबरण्याचं कारण नाही, गावाकडं जायची तर मुळीच गरज नाही. भाऊसाहेब मजेत आहेत.