मूठ न काढलेली तलवार

मोघेकाकांच्या घरी तलवार बघायला गेलं की आधी ओठांत टिश्यू पेपरची घडी धरावी लागायची. पाहुणा कोणीही असो. एकदा मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाई गणपतीचं आमंत्रण घेऊन आल्या होत्या, त्यांनाही काकांनी कागद धरायला लावला. त्या बाई सलग चार मिनिटं गप्प बसू शकतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

"तोंडातली वाफ पात्यावर बसते," काका सांगायचे. "थुंकी उडाली तर गंज धरतो. जपानात अशीच पद्धत आहे. बोलायचं नाही, फक्त बघायचं." आणि मग स्वतःचा कागद बाजूला ठेवून, तलवारीपासून दोन हात लांब सरकून, पाऊण तास बोलायचे. आम्ही सगळे तोंडात कागद धरून हूं हूं करत ऐकायचो.

आता आम्ही युट्रेख्ट या डच शहरात राहतो. घर मोठं आहे, शेजारी चांगले आहेत, भेटले की हात करतात, आणि कोणी कोणाच्या घरात डोकावत नाही. त्याआधी डीमन गावातल्या एका बिल्डिंगमध्ये आम्ही सहा वर्षं काढली. तिथली आठवण आली की मला आधी वास येतो, लवंगेच्या तेलाचा. राहायला गेलो त्या पहिल्याच संध्याकाळी जिन्यात तो वास आला आणि मी नवऱ्याला म्हटलं, "बिचाऱ्या कोणाची तरी दाढ दुखतेय." दुसऱ्या दिवशी समोरचं दार उघडलं. आत पासष्टीचे, किडकिडीत, इस्त्रीच्या शर्टवर स्वेटर घातलेले गृहस्थ उभे. मी काळजीनं दाढेची चौकशी केली. ते म्हणाले, "दाढेला काय झालंय? तलवारीला लावतो मी ते."

हे अनंत मोघे. मूळ पुण्याचे, बँकांची सॉफ्टवेअरं तपासण्यात आयुष्य घालवलेले. दुसऱ्यांच्या कामात चुका काढायचा पगार मिळायचा, आणि रिटायर झाल्यावर तेच काम ते फुकट करायला लागले. पत्नी, सुलभाकाकू, आम्ही तिथं जायच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. मी त्यांना पाहिलं ते फक्त हॉलमधल्या फोटोत. मुलगा कॅनडात. घरात काका आणि तीन जपानी तलवारी.

काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आधी मूठ काढा, मग बोला."

त्याचं असं आहे की तलवारीचं पातं दिसायला कितीही झकास असलं तरी त्याच्यावर जायचं नाही. पातं दर दोन-तीन पिढ्यांनी नव्यानं घासून चकचकीत करतात. धारेजवळची ती ढगासारखी पांढरी रेघ, तीसुद्धा नकली मालावर ॲसिडनं काढलेली असते. पण मुठीच्या आत जे लोखंड दडलेलं असतं त्याला शेकडो वर्षं कोणी हात लावत नाही. बांबूची एक खुंटी ठोकून काढली की मूठ निघते आणि आतला गंज दिसतो. "काळपट, तेलकट, मुरलेला गंज हवा," काका म्हणायचे. "तो म्हणजे तलवारीचा जन्मदाखला. लालभडक भुकटी असेल तर समजायचं, कालचं पोर आहे."

हे वाक्य तलवारीपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण मी पैठणी नेसून निघाले की काका दारात उभे. "पदर उलटा करून दाखव. मागून बघायची असते. आधी मूठ काढायची!" पदर उलटला आणि म्हणाले, "मशीनवरची." माझ्या सासूबाईंनी कौतुकानं दिलेली पैठणी! तेव्हापासून मी ती नेसले नाही आणि सासूबाईंना कारणही सांगू शकले नाही. हापूस आंब्याचं देठ हुंगून ते सांगायचे, "कर्नाटक." तापानं फणफणलेल्या माझ्या नवऱ्याला हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, लांबूनच बघून पॅरासिटामॉल घ्यायला सांगितली, तर काका म्हणाले, "मूठ न काढताच निदान!" तेवढ्या एका बाबतीत मात्र आमचं एकमत झालं.

वरच्या मजल्यावर यान नावाचे आजोबा राहायचे. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धानंतर इंडोनेशियाहून परतताना एक जपानी तलवार घेऊन आले होते. इथल्या पुष्कळ जुन्या घरांत माळ्यावर अशी एखादी सापडते. यानच्या वाढदिवसाला सगळे गोल करून खुर्च्यांवर बसलेले, प्रत्येकाच्या मांडीवर केकचा एकेक तुकडा. यान अभिमानानं ती तलवार घेऊन आले. सामुराईची आहे म्हणाले. काकांनी खिशातून छोटी हातोडी काढली (वाढदिवसाला हातोडी घेऊन जाणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही), मूठ काढली, चष्मा वर केला आणि जाहीर केलं, "फॅक्टरीतली आहे. हा बघा नंबर." कोणाचा तरी काटा हातातून सुटून बशीवर वाजला. मी त्यांना जिन्यात गाठून झापलं.

"अहो काका, म्हाताऱ्याचा वाढदिवस होता!"

"मग? खोटं बोलू?"

"गप्प बसायचं! कागद धरायचा तोंडात!"

तर अशी आमची दोस्ती. माझी मुलगी त्यांच्याशी डच बोलायची, ते तिच्याशी मराठी, आणि दोघांचं छान जमायचं. रविवारी मी थालीपीठ नेऊन द्यायची, ते कसं बिघडलंय हे ते सांगायचे आणि सगळं संपवायचे.

पण एक गोष्ट मला खटकायची. तीनपैकी दोन तलवारींच्या मुठी काका येईल त्याला काढून दाखवायचे. तिसरीची कधीच नाही. ती लाकडी स्टँडच्या सगळ्यांत वरच्या खाचेत असायची. पंचवीसेक वर्षांपूर्वी जुन्या बाजारात पडद्यांच्या दांड्यांच्या ढिगाऱ्यात त्यांना ती सापडली होती. विकणाऱ्याला ती काय आहे हे ठाऊक नव्हतं आणि सगळे ओळखीचे हसले होते. सुलभाकाकूसुद्धा म्हणाल्या होत्या, "सळई आणलीत की काय?" पण काकांचा ठाम विश्वास होता की ही खरी, ही मोठ्या हातची. जपानी परीक्षकांचा कागद मिळाला की झालं. हा कागद म्हणजे खरेपणाचा दाखला, तो मिळावा ही त्यांची आयुष्यातली एकच इच्छा होती. तो विषय निघाला की त्यांचा आवाज बदलायचा. "माझे डोळे खरे होते एवढं एकदा कोणीतरी लिहून द्यावं," म्हणायचे.

"मग मूठ काढा ना, बघू तरी," मी म्हणायची.

"वेळ आली की काढू."

माझ्या मनात पाल चुकचुकली. जगाच्या मुठी काढणारा हा माणूस स्वतःच्या तलवारीला हात लावत नाही, म्हणजे नक्की काहीतरी पाणी मुरतंय. नकली असणार, आणि यांना ते माहीत असणार. झाकली मूठ सव्वा लाखाची! खरं सांगते, मला जरा आनंदच झाला. पैठणीचा हिशेब अजून बाकी होता.

त्यानंतर कळलं की लायडनला दोन दिवस जपानहून परीक्षक येणार आहेत. मी काकांना न विचारता त्यांचं नाव नोंदवून टाकलं. आगाऊपणा होता, कबूल आहे. ई-मेल त्यांच्याकडे गेलं तेव्हा ते लालबुंद होऊन दारात आले. "तुला कोणी सांगितलं होतं?" एवढंच म्हणाले आणि दार लावून घेतलं. तीन दिवस जिन्यात दिसलो तरी बघेनात. चौथ्या दिवशी बेल वाजली.

"किती वाजताची गाडी आहे?"

तलवार त्यांनी चादरीत गुंडाळून क्रिकेटच्या किटबॅगेत घातली, वर कुलूप. गाडी स्खिपोलला थांबली, बाहेर विमानतळाचे पोलीस उभे, तेव्हा मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते. काका शांत होते. नको इतके शांत. लायडन येईपर्यंत त्यांनी माझ्या नव्या कोटावरसुद्धा काही शेरा मारला नाही, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

हॉलमध्ये लांब टेबलं, त्यांवर पांढरी कापडं. आमच्या टेबलाशी एक वृद्ध जपानी गृहस्थ होते आणि शेजारी दुभाषी म्हणून विद्यापीठातली एक डच मुलगी. काकांनी तलवारीला वाकून नमस्कार केला. खुंटी काढली. मूठ काही केल्या निघेना. मी नकळत पुढे झाले, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मग ती एकदम निघाली.

आतलं लोखंड देवघरातल्या घासलेल्या पळीसारखं लखलखत होतं. गंजाचा ठिपकाही नाही.

शेजारच्या टेबलावरच्या माणसानं श्वास आत ओढला. म्हाताऱ्या परीक्षकांनी क्षणभर डोळे मिटले. मला वाटलं, संपलं, नकली आहे, आणि ही सगळी शोभा मी केली. पण त्यांनी तलवार दिव्याखाली धरली आणि दहा मिनिटं पात्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात काहीतरी म्हणाले. दुभाषी मुलीनं इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, पातं खरं आहे. फार जुनं आणि फार चांगल्या हाताचं. पण असं घासलेलं असताना ते कागद देऊ शकत नाहीत. हे कोणी केलं?"

"माय वाइफ," काका म्हणाले.

परीक्षकांनी मान हलवली. ते म्हणाले, एक मार्ग आहे. त्यांच्या ओळखीचा कारागीर हे लोखंड पुन्हा मुरवून देईल, हळूहळू, वर्षभर लागेल. लपवाछपवी नाही, दुरुस्ती म्हणून नोंद होईल. मग परत आणा, कागद मिळेल. मुलीनं फॉर्म पुढे सरकवला. काकांनी पेन उघडलं. हातातोंडाशी आलेला घास! मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, माझेच डोळे भरून आले होते.

तेवढ्यात परीक्षकांना खुंटीच्या भोकात काहीतरी लाल दिसलं. ताजा गंज समजून ते बारीक काडीनं खरवडायला गेले आणि काकांनी त्यांचं मनगट धरलं.

"नको!" हे मराठीतच. मग सावरून इंग्रजीत, "प्लीज. तो गंज नाही."

मी वाकून बघितलं. कुंकू होतं. वाळून घट्ट बसलेलं.

"कारागीर हे काढेल?" काकांनी विचारलं.

"सगळं साफ करूनच सुरुवात करावी लागते," मुलगी म्हणाली.

काकांनी पेनाचं टोपण लावलं. फॉर्म दोन्ही हातांनी परत दिला, वाकून आभार मानले आणि मूठ बसवली.

बाहेर कालव्याकाठी एका बाकावर आम्ही बसलो. किटबॅग त्यांच्या मांडीवर. समोरून सायकली चाललेल्या. मी म्हटलं, "काका, चुकलं माझं."

"तुझं नाही गं." मग ते सांगायला लागले. "दसरा होता. मी युट्रेख्टला, तलवारींच्याच प्रदर्शनाला. ही दरवर्षी शस्त्रपूजेला तलवार मागायची, मी म्यानातून काढू द्यायचो नाही. त्या वर्षी मी घरी नव्हतो, म्हणून हिनंच काढली. मला शंभरदा बघितलेलं, बरोबर खुंटी काढली. आत गंज दिसला. आता गंजकं लोखंड पूजेला कसं ठेवायचं? चिंच भिजवली, मीठ घातलं आणि घासली. मी आलो तर पाटावर झळकतेय. गंध, कुंकू, शेवंतीची फुलं. 'बघा तुमची सळई,' म्हणाली, 'कशी उजळली.' खूश होती."

"मग?"

"मग मी काय, मी! वाट्टेल ते बोललो. चारशे वर्षांचा पुरावा धुऊन टाकलास म्हटलं. मूठ बसवून टाकली आणि दिवाळीपर्यंत बोललो नाही तिच्याशी. नंतर बोलायला लागलो, पण भाजी काय, पाऊस आहे का, असं. आणि जानेवारीत ती गेली. झोपेतच." त्यांनी किटबॅगेवरून हात फिरवला. "सात वर्षं मूठ काढली नाही मी. वाटायचं, काढली की परत तोच राग येईल. तिच्यावर आता कसला राग करायचा?"

"आला का राग?"

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. चष्मा काढून पुसला, परत घातला आणि परीक्षेला बसल्यासारखे ताठ झाले.

"तू बघितलंस ना नीट? सगळं एका दिशेनं घासलंय. कुठे ओरखडा नाही. कोपऱ्यात बोट जात नाही, तिथंसुद्धा काळं ठेवलेलं नाही. काथ्याची बारीक दोरी करून ओढली असणार तिनं. दोन तास तरी लागले असतील, आणि हिची बोटं दुखायची तेव्हा. चिंच झोंबली असेल. असं काम..." त्यांनी किटबॅग घट्ट धरली. "असं काम मी कुठल्या कारागिराचं बघितलेलं नाही गं. आणि मी तिला एकदासुद्धा म्हटलं नाही, सुलभा, छान घासलीस."